यंदा अंदाज चुकायचा नाही!

भाऊबीजेच्या संध्याकाळी आमच्याकडे नेहमीप्रमाणे पंचवीस-तीस मंडळी जमली होती. ओवाळणं झालं, फराळ झाला, आणि आम्ही काही जण बेसमेंटमध्ये बसून स्टॉक मार्केट, व्हिसा आणि गुडघ्यांची ऑपरेशनं या ठरलेल्या विषयांवर आलो. तेवढ्यात माझी दहा वर्षांची नात ओवाळणीची पाकिटं घेऊन शेजारी येऊन बसली. वाढदिवसाचे, गणपतीत आत्याने दिलेले आणि आता भाऊबीजेचे, असे सगळे पैसे तिने मोजले. तीनशे दहा डॉलर भरले. ते माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आजोबा, मला हॅन्डहेल्ड घ्यायचाय. पण सगळे वेगवेगळं सांगतात. तुम्ही इंजिनियर आहात ना? मग सांगा, हू इज गोइंग टु विन?"

हॅन्डहेल्ड म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, हे आता नातवंडं असलेल्या वाचकांना सांगायला नको. प्रश्न ऐकून माझी छाती फुगली. सारा जन्म इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर असं कोण विचारतं हो? मी चष्मा सावरून बोलायला सुरुवात करणार, तोच समोरून आमचे चिरंजीव, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, "बाबांना नको विचारूस. त्यांनी एकदा सांगितलं होतं, १९९१ साली. ते मी अजून विसरलो नाही."

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप लागेना, आणि तिथून हा लेख सुरू झाला.

वहीतलं कोष्टक

१९९१ साली आम्हाला न्यू जर्सीत येऊन सहा वर्षं झाली होती. अपार्टमेंट सोडून नुकतेच स्वतःच्या घरात आलो होतो. मॉर्गेजचा हप्ता भरून उरलेल्या पैशांत एखादी चैन करायची म्हणजे आधी घरात चर्चासत्र व्हायचं. मुलगा नऊ वर्षांचा. घर बदललं तशी त्याची शाळा बदलली, बसही बदलली. त्या ख्रिसमसला त्याने गेम बॉय मागितला.

मी दुकानात जाऊन तो गेम बॉय पाहिला आणि मला हसूच आलं. पडदा हिरवट-करडा, रंग नाहीत, आतून उजेड नाही. दिव्याखाली धरला तर दिसणार, नाहीतर नाही. त्याच काचेच्या कपाटात रंगीत पडद्याची यंत्रं झगमगत होती. मी सहा आठवडे मासिकं चाळली. वहीत कोष्टक आखलं. रंगांची संख्या, पडद्याचा आकार, प्रोसेसरचा वेग. बघावं त्या रकान्यात गेम बॉय शेवटचा. "हा डबा दोन वर्षांत बाजारातून जाणार," असं भाकीत मी जेवणाच्या टेबलावर करून टाकलं, आणि बरेच जास्त पैसे मोजून रंगीत यंत्र घरी आणलं. कुठलं ते सांगत नाही. तशी तेव्हा अमेरिकेत तीन होती, आणि चूक यंत्राची नव्हती, आणणाऱ्याची होती.

यंत्र दिसायला देखणं. फक्त सहा पेन्सिल सेल घालायचे आणि एका हिंदी सिनेमाएवढा वेळ खेळायचं, की पडदा मंद व्हायचा. आमची ही दर शनिवारी किराणाच्या यादीत कांदे, बटाटे, दूध यांच्या खाली 'सेल' असं लिहायची. पुढे पुढे तिने लिहिणं बंद केलं.

१९९४ च्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला गेलो. विमानाने अटलांटिक ओलांडायच्या आत सेल संपले होते. सदाशिव पेठेत माझ्या पुतण्याकडे तुळशीबागेतून आणलेला एक ब्रिक गेम होता. वरून काळे चौकोन पडायचे, ते नीट रचायचे, एवढाच खेळ. रंग नाही, काही नाही. पण तो हातोहात फिरायचा. जिन्याच्या पायऱ्यांवर पाच-सहा मुलं बसलेली, एक खेळतोय, बाकीचे ओरडताहेत, आणि आमचा अमेरिकन चिरंजीव आपल्या पाळीसाठी मराठीतून भांडतोय! रविवारच्या मराठी शाळेत तीन वर्षांत जेवढं मराठी आलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांत आलं. आम्ही दोघं खूष. पण त्यातून घ्यायचा तो धडा मात्र मी घेतला नाही.

तो धडा भाऊबीजेच्या रात्री मिळाला. मंडळी गेल्यावर खुर्च्या आवरताना मी मुलाला म्हटलं, "काय रे, ते यंत्र एवढं वाईट होतं का?"

"यंत्र छान होतं, बाबा," तो म्हणाला. "पण बसमध्ये सगळ्यांकडे गेम बॉय होते. दोघं जण वायर जोडून एकमेकांशी खेळायचे. माझ्या यंत्राला ती वायर लागायची नाही. मी मागच्या सीटवर बसून त्यांच्या खांद्यावरून बघायचो. दोन वर्षं."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सहा आठवडे वाचून आणलं होतंत ना!"

यावर काय बोलायचं? खुर्च्या आवरल्या आणि दिवे मालवले.

मुरलेलं तंत्रज्ञान

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा वाचायला लागलो. या वेळी कोष्टक आखायच्या आधी इतिहास वाचला.

निन्टेंडो ही कंपनी जपानमधल्या क्योटो शहरात १८८९ साली निघाली, तीही खेळायचे पत्ते करण्यासाठी. तिथे १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण इंजिनियर पत्त्यांच्या मशिनरीची देखभाल करायला नोकरीला लागला. फावल्या वेळात त्याने केलेलं एक खेळणं मालकांच्या नजरेस पडलं आणि त्याची रवानगी खेळण्यांच्या कामाकडे झाली. पुढे एकदा बुलेट ट्रेनमध्ये त्याला एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाचच दाबत बसलेला दिसला. त्यावरून त्याला खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली असं सांगतात. १९८० साली आलेला 'गेम अँड वॉच' तो हाच. कॅल्क्युलेटरमुळे तसले छोटे पडदे तेव्हा स्वस्त झालेच होते.

योकोईंचं एक तत्त्व होतं. अगदी नवं, महागडं तंत्रज्ञान घ्यायचं नाही. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक झालेत असं घ्यायचं आणि त्याचा वेगळाच उपयोग शोधायचा. आपण म्हणू, लोणचं मुरलं की खायला काढायचं.

गेम बॉय हे त्या तत्त्वाचं फळ. तो १९८९ च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये आणि जुलैअखेर अमेरिकेत आला. किंमत सुमारे ९० डॉलर. चार पेन्सिल सेलवर तो पंधरा तास सहज चालायचा. त्याच वर्षी अटारी कंपनीने लिंक्स आणला. पडदा रंगीत, आतून उजेड, पण किंमत गेम बॉयच्या दुप्पट. पाठोपाठ एनईसीचा टर्बोएक्सप्रेस, तो तर २५० डॉलरला. आणि १९९१ साली अमेरिकेत सेगाचा गेम गिअर आला, १५० डॉलरला. तिघांचे पडदे गेम बॉयपेक्षा कितीतरी सरस, आणि तिघांनाही सहा-सहा सेल लागायचे. त्यांतला सगळ्यांत यशस्वी गेम गिअर, तो सुमारे एक कोटी खपला. गेम बॉय आणि नंतर आलेला त्याचा रंगीत भाऊ हे दोघे मिळून खपले जवळजवळ ११ कोटी ८७ लाख! माझ्या वहीतल्या कोष्टकात 'सेल किती वेळ टिकतात' हा रकानाच नव्हता. आखला असता तर ती वही तिथल्या तिथे मिटली असती.

दुसरा रकाना विसरलो होतो तो खेळांचा. अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यातच 'टेट्रिस' मिळायचा. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी केलेला हा खेळ गेम बॉयवर यावा म्हणून हेन्क रॉजर्स नावाच्या गृहस्थांनी बराच खटाटोप केला. त्यांनी निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या प्रमुखांना सांगितलं की लहान मुलांना घ्यायचं असेल तर खोक्यात मारिओ घाला, सगळ्यांना घ्यायचं असेल तर टेट्रिस घाला. तो सल्ला मानला गेला आणि मुलांच्या हातातलं यंत्र बापांच्या, आयांच्या हातात गेलं. आमच्या पुण्याच्या जिन्यावरचा ब्रिक गेम म्हणजे या टेट्रिसचीच बिनपरवान्याची नक्कल होती, हे मला आत्ता कळलं.

आणि तिसरी ती वायर. सातोशी ताजिरी या गृहस्थांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. दोन गेम बॉय जोडणारी वायर पाहून त्यांच्या मनात आलं, हिच्यातून किडे इकडून तिकडे सरपटत गेले तर? त्यातून १९९६ साली जपानमध्ये आणि १९९८ साली अमेरिकेत 'पोकेमॉन' आला. सगळे प्राणी एकट्याला मिळतच नाहीत. काही माझ्या कार्ट्रिजमध्ये, काही तुझ्या. पुरा संच हवा असेल तर मित्र हवाच. सात वर्षांचं म्हातारं यंत्र त्यामुळे पुन्हा तरुण झालं. मुलाच्या बसमधली वायर मला आठवली आणि पुस्तक मिटून जरा वेळ बाहेर फेरी मारून आलो.

जिंकणारेही आपटतात

यावरून 'निन्टेंडोच नेहमी जिंकणार' असं कोणी म्हणेल तर तेही खरं नाही. याच योकोईंनी केलेला 'व्हर्चुअल बॉय' १९९५ साली आला. डोळे लावून बघायचा, सगळं लालभडक दिसायचं, आणि डोकं दुखतं अशा तक्रारी यायच्या. वर्षभरात तो बंद झाला. १९९६ साली योकोईंनी निन्टेंडो सोडली, आणि १९९७ साली रस्त्यावरच्या एका अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नव्या कंपनीने बांदाईसाठी केलेला 'वंडरस्वान' १९९९ मध्ये जपानात आला. तो एका सेलवर तीस तास चालायचा! म्हणजे माणूस शेवटपर्यंत आपल्या तत्त्वाला धरून होता.

२००३ साली नोकिया कंपनीने एन-गेज आणला. फोनचा फोन आणि गेमचा गेम. पण खेळ बदलायचा तर मागचं झाकण काढून बॅटरी बाहेर काढायची, आणि बोलायचं तर तो आडवा डबा कडेवर धरून कानाला लावायचा. लोकांनी टिंगल करून करून त्याला घालवला.

पुढची मोठी लढाई २००४ सालची. सोनीसारखी मातब्बर कंपनी मैदानात उतरली. तिचा पीएसपी म्हणजे मोठा झळाळता पडदा, सिनेमा बघायची सोय, गाणी ऐकायची सोय. त्याच्यासमोर निन्टेंडोचा डीएस. दोन लहान पडदे, त्यातल्या एकावर काडीने लिहायचं. जाणकारांनी नाकं मुरडली. मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मीही मुरडलं असतं. पण डीएसवर लहान मुलांबरोबर त्यांच्या आज्या आकडेमोडीचे खेळ खेळायला लागल्या. डॉक्टर कावाशिमांच्या नावाचा तो मेंदूच्या व्यायामाचा खेळ आपल्यापैकी कित्येकांनी गुडघ्याच्या डॉक्टरकडे वाट बघताना खेळला असेल. डीएस १५ कोटी ४० लाख खपला. पीएसपी सुमारे ८ कोटी. हरलेल्यानेही ८ कोटी विकावेत, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

आणि मग फोन आले. २००७ साली आयफोन आणि २००८ साली त्याचं ॲपचं दुकान. एक डॉलरला खेळ मिळायला लागला, तोही आईच्या पर्समध्ये असलेल्या यंत्रावर. २०११ च्या मार्चमध्ये निन्टेंडोने अमेरिकेत थ्रीडीएस २५० डॉलरला आणला, आणि ऑगस्टमध्ये किंमत एकदम १७० वर आणावी लागली. पाठोपाठ सोनीचा व्हिटा आला. यंत्र सुरेख, पण त्याला लागणारं मेमरी कार्ड सोनीचंच आणि तेही महाग. शिवाय 'मॉन्स्टर हंटर' या खेळासाठी जपानी मुलांनी पीएसपी घेतले होते, तो खेळच थ्रीडीएसकडे गेला. थ्रीडीएसने साडेसात कोटींचा पल्ला गाठला. व्हिटा मागे पडला आणि सोनीने हातातल्या यंत्रांचं दुकान आवरतं घेतलं.

आजचं मैदान

आता आजच्या शर्यतीकडे येऊ.

२०१७ च्या मार्चमध्ये निन्टेंडोने स्विच आणला, ३०० डॉलरला. त्याआधीचा त्यांचा घरात टीव्हीला लावायचा व्ही यू सपशेल पडला होता. तेव्हा त्यांनी घरातलं आणि हातातलं अशी दोन दुकानं चालवण्याऐवजी एकच केलं. टीव्हीपाशी ठेवलं की घरचं, उचललं की हातातलं. हे यंत्र १५ कोटींच्या वर गेलं. त्याचा वारस स्विच टू २०२५ च्या ५ जूनला आला. किंमत ४५० डॉलर. पहिल्या चार दिवसांत जगभर ३५ लाख खपले, आणि सप्टेंबरअखेर एक कोटीचा आकडा ओलांडला. जुन्या स्विचचे बहुतेक खेळ त्याच्यावर चालतात, ही घराघरांतल्या आईबापांच्या दृष्टीने मोठी गोष्ट.

दुसरा पैलवान व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक. तो २०२२ च्या फेब्रुवारीत ४०० डॉलरपासून आला. हा खरं म्हणजे हातात धरायचा कॉम्प्युटर आहे. तुमच्या मुलाने कॉम्प्युटरसाठी स्टीमवर वर्षानुवर्षं घेतलेले खेळ यावर बरेचसे चालतात, नवे घ्यावे लागत नाहीत. शिवाय तिथे सेल लागतात, म्हणजे आपल्याकडच्या साड्यांच्या दुकानात लागतात तसे, आणि खेळ पाच-दहा डॉलरला मिळतात.

तिसरी जोडी मायक्रोसॉफ्ट आणि तैवानची एसुस. त्यांचे एक्सबॉक्स नावाचे दोन अ‍ॅलाय २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आले, एक ६०० डॉलरला आणि दुसरा १००० डॉलरला. हजार डॉलर! आमच्या पहिल्या गाडीला एवढे पडले नव्हते. लेनोव्होचीही यंत्रं आहेत. आणि सोनीने २०२३ साली पोर्टल आणला, पण तो स्वतः काही चालवत नाही, घरातल्या प्लेस्टेशनवरचा किंवा दुरून आलेला खेळ फक्त दाखवतो. सोनी पुन्हा एक खराखुरा हॅन्डहेल्ड तयार करत असल्याच्या बातम्या मात्र २०२४ पासून येताहेत.

मी पुन्हा वही काढली. पण रकाने वेगळे आखले.

पहिला रकाना बॅटरीचा. इथे गंमत झाली आहे. स्विच टूची बॅटरी २ ते साडेसहा तास चालते असं निन्टेंडो स्वतःच सांगते. म्हणजे आमच्या १९९१ च्या यंत्रापेक्षा फार काही निराळं नाही! इतरांचंही जड खेळ लावले की तेच. पण आता सेल विकत आणावे लागत नाहीत, गाडीत, विमानात, जाल तिथे चार्जर असतो. ज्या रकान्याने तेव्हा निकाल लावला तो आता सगळ्यांना सारखेच मार्क देतो. जुना धडा गिरवतानाही हे तपासून घ्यायला हवं.

दुसरा रकाना किमतीचा. यात २०२५ साली निन्टेंडो आणि व्हॉल्व्ह एका बाजूला होते आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला. पण फक्त यंत्राची किंमत बघून भागत नाही. स्विच टूचा मारिओ कार्टचा नवा खेळ ८० डॉलरला आहे. पाच-सहा खेळ घेतले की यंत्राच्या किमतीच्या जवळ पोचलात. स्टीमवर तेवढ्यात वीस येतील. तेव्हा दोन वर्षांचा हिशेब मांडला तर व्हॉल्व्हचं पारडं जड होतं.

तिसरा रकाना, इथेच मिळतील असे खेळ. मारिओ, झेल्डा, पोकेमॉन यांचे मुख्य खेळ निन्टेंडोच्या यंत्राशिवाय खेळता येत नाहीत. व्हॉल्व्हचे, मायक्रोसॉफ्टचे खेळ तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवरही चालतात. मग वेगळं यंत्र घ्यायची निकड राहत नाही.

चौथा रकाना, कोणाबरोबर खेळणार? हा मी सगळ्यांत शेवटी आखला, पण वजन त्यालाच सगळ्यांत जास्त दिलं.

तर आमचं भाकीत

वाचकहो, पुराण पुरे, आता निकाल. खपलेल्या यंत्रांची संख्या धरली तर ही फेरी निन्टेंडो जिंकणार, आणि मोठ्या फरकाने जिंकणार. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हातात आणि त्यांच्या मित्रांच्या हातात तेच यंत्र असणार, आणि एकदा असं झालं की ते बदलत नाही. बाकीचे सगळे मिळूनही तिथपर्यंत येतील असं मला वाटत नाही.

दुसरा नंबर व्हॉल्व्हचा, पण वेगळ्या अर्थाने. तिची स्वतःची यंत्रं निन्टेंडोच्या मानाने थोडी खपली आहेत. पण तिने ज्यावर यंत्र चालतं ती सिस्टिम इतरांनाही वापरायला दिली आहे, आणि २०२५ साली लेनोव्होने ती घालून यंत्र विकायला काढलंही. कॉलेजातल्या मुलांमध्ये आणि चाळिशीतल्या माझ्या मुलासारख्यांमध्ये ती घट्ट पाय रोवेल. मायक्रोसॉफ्टची यंत्रं चांगली आहेत, पण हजार डॉलरच्या यंत्राने ही शर्यत आजवर कोणी जिंकलेली नाही. माझं १९९१ चं कोष्टक त्यांच्या बाजूने असतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे! सोनी परत आली तर खरी चुरस होईल, पण तिला मुलांचे खेळ लागतील, नुसता पडदा पुरणार नाही.

चुकलो तर कशाने चुकेन तेही सांगून ठेवतो. एक, किमती. २०२५ च्या एप्रिलमध्ये आयात कराच्या गोंधळाने स्विच टूची अमेरिकेतली आगाऊ नोंदणीच पुढे ढकलावी लागली होती, आणि त्या वर्षाच्या शेवटी मेमरी चिप्स महागल्या. यंत्र सहाशेच्या पुढे गेलं तर साध्या घरातल्या मुलांच्या हातात ते राहणार नाही. दोन, फोन. ज्या मुलाला हातात फोन मिळालाच आहे त्याला दुसरं यंत्र का हवं, याचं उत्तर दर पाच वर्षांनी नव्याने द्यावं लागतं.

आजी-आजोबांसाठी दोन गोष्टी. कार्डावर मिळणारा खेळ घ्या. तो मित्राला देता येतो, जुना विकता येतो. डाउनलोड केलेला खेळ असा हातोहात फिरत नाही. पण खोका नीट वाचा, कारण स्विच टूच्या काही कार्डांमध्ये खेळ नसतो, नुसती किल्ली असते आणि खेळ डाउनलोडच करावा लागतो. आणि यंत्र आल्या दिवशीच पालकांसाठी असलेली वेळेची मर्यादा लावून टाका. नंतर लावायला गेलात तर महाभारत होईल.

नातीचा कागद

एवढा अभ्यास करून पुढच्या रविवारी मी वही घेऊन मुलाकडे गेलो. नातीला समोर बसवलं. म्हटलं, "सांगतो हं. पण आधी एक सांग, तू हे यंत्र कोणाबरोबर खेळणार आहेस?"

ती उठली, दप्तरातून एक घडी घातलेला कागद घेऊन आली. त्यावर पेन्सिलने तिच्या वर्गातल्या आणि बसमधल्या मुलांची नावं लिहिली होती, आणि प्रत्येक नावापुढे त्याच्याकडे कुठलं यंत्र आहे ते. एडिसनच्या चुलत भावाचंही नाव होतं. खाली बेरीज करून ठेवलेली. अकरा जणांकडे जुना किंवा नवा स्विच, दोघांकडे स्टीम डेक, बाकीच्यांकडे काही नाही.

"हे तू कधी केलंस?"

"भाऊबीजेच्या नंतरच्या मंडेला. बाबा म्हणाले, आधी बसमध्ये विचारून ये."

मी मुलाकडे पाहिलं. तो चहा गाळत होता, त्याने वर पाहिलं नाही. माझ्या वहीतली तेरा पानं आणि तिचा एक कागद, उत्तर एकच. मी वही पिशवीतच ठेवली.

तीनशे दहा तिचे होते. उरलेले मी घातले, पण ओवाळणी म्हणून नाही, कर्ज म्हणून. दर शनिवारी तिने मला अर्धा तास शिकवायचं, अशी फेड ठरली आहे. आत्तापर्यंत मी मारिओ कार्टमध्ये पहिल्याच वळणावर नेमाने समुद्रात पडतो. ती हसते, "आजोबा, डावीकडे! डावीकडे!" असं मराठीतून ओरडते, आणि मागे सोफ्यावर बसून तिचा बाप आपली पाळी यायची वाट बघतो.

संपादकांना विनंती, हा अंक जपून ठेवावा. पाच वर्षांनी काढून बघावा. अंदाज चुकला तर त्या वर्षीच्या कोजागिरीचं मसाला दूध, सगळ्या मंडळाला, आमच्याकडून!